मॉडेलमध्ये आपली वस्ती कुठे आहे?

पाऊस जात बघून पडत नाही, हे वाक्य आपण दर पावसाळ्यात ऐकतो. हिंदमाताला पाणी भरले की वाहिन्यांवरचे निवेदक ते म्हणतात, सांगलीला पूर आला की पुढारी म्हणतात. पाऊस बघत नसेल. पण पडलेले पाणी कुठल्या धरणात किती दिवस अडवायचे, दरवाजा कधी आणि किती फूट उचलायचा, कुठल्या गटारातून ते समुद्राकडे ढकलायचे आणि कुठल्या मैदानाखालच्या टाकीत घटकाभर कोंडून ठेवायचे, हे सगळे माणसे ठरवतात. अलीकडे या माणसांना एक नवे उत्तर सापडले आहे. ते म्हणतात, आम्ही काही ठरवले नाही, कॉम्प्युटरच्या मॉडेलने सांगितले.

हा विषय काढला की आपलीच काही पोरे कंटाळतात. अत्याचाराची प्रकरणे पडून आहेत, आरक्षण पोखरले जात आहे, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, आणि तुम्ही धरणांची गणिते काय घेऊन बसलात, असे विचारतात. ते इंजिनियर लोकांचे काम आहे, असेही म्हणतात. या दुसऱ्या वाक्यावर आमचा आक्षेप आहे. 'हे तुमचे काम नाही' हे वाक्य या देशात आपल्याला कुणी, किती शतके ऐकवले, याची उजळणी करायची गरज नाही. ते आता आपणच आपल्याला ऐकवू लागलो तर अवघड आहे.

मॉडेल म्हणजे काय, ते आधी साध्या भाषेत सांगतो. घरातली आई महिन्याचा हिशेब वहीत लिहिते : आले किती, गेले किती, शिल्लक किती. नदीचे मॉडेल हीच वही आहे. नदीचे लहान लहान तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात वरून किती पाणी आले, पावसाचे किती मिळाले, जमिनीत किती मुरले, खाली किती गेले, याचा हिशेब दर तासाला किंवा दर मिनिटाला मांडायचा. धरण म्हणजे या वहीतली बचत. हिशेब इतका मोठा होतो की हाताने करता येत नाही, म्हणून कॉम्प्युटर. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेली जी केंद्रीय जल संशोधन संस्था आहे, तिथे हेच काम सिमेंट-मातीच्या छोट्या नद्या बांधून, त्यांत खरे पाणी सोडून केले जात आले आहे. आता नदी आकड्यांची झाली, एवढाच फरक.

पण वहीत कुठला खर्च लिहायचा आणि कुठला लिहायचाच नाही, हे वही ठरवत नाही.

आमच्या भोईवाड्यापासून सुरुवात करू. भोई म्हणजे पालख्या वाहणारे, होडी हाकणारे, पाण्यात जाळे टाकणारे लोक. पाण्याची नस ओळखणाऱ्या माणसांचे नाव लावणारी ही वस्ती आज पाण्याबद्दल कुणाला काही विचारू शकत नाही, ही गंमतच म्हणायची. शेजारचा हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट आहे. चारी बाजूंचे पाणी तिथे उतरते, आणि समुद्राला भरती असली की ते बाहेर पडत नाही. इंग्रजांच्या काळातली पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून केलेली होती, आणि त्यातलेही निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे गृहीत होते. शहर सगळे काँक्रीटचे झाल्यावर मुरणार कुठे? १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ५० मिलिमीटर धरा, आणि पाणी मुरेलच असे समजू नका, असे सांगितले. काम रेंगाळले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. मग चितळे समिती आली, पंपिंग स्टेशने आली, परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कला पार्काखाली मोठ्या टाक्या आल्या. आणि १२ जून २०२० ला 'आयफ्लोज-मुंबई' नावाची पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. तिच्यात हवामानाचा अंदाज, पाणी कुठवर चढेल याचा हिशेब, आणि कुणाला किती धोका याचा हिशेब, असे सात भाग आहेत.

हे सगळे आपल्याला हवेच आहे. पूर्वसूचना मिळाली तर जीव वाचतात. पण अशा कुठल्याही मॉडेलच्या पोटात शिरून बघा.

पहिली गोष्ट, जमिनीचा नकाशा. अमेरिकी अंतराळ संस्थेचा उंचीचा नकाशा इंटरनेटवर फुकट मिळतो. तो ३० मीटर बाय ३० मीटरच्या चौकोनांचा आहे, आणि उंचीत काही मीटरची चूक असू शकते. असा एक चौकोन म्हणजे ९०० चौरस मीटर. दहा बाय बाराच्या खोल्या धरल्या तर ऐंशी खोल्या एका चौकोनात बसतात. त्या ऐंशी खोल्यांची उंची मॉडेलसाठी एकच. कुणाचा उंबरा दोन फूट खाली आहे, कुठल्या बोळात पाणी आधी शिरते, हे त्यात येतच नाही. यापेक्षा कितीतरी बारीक मोजणी करता येते, विमानातून लेझर सोडून वीतभर फरकही टिपता येतो. पण ती मोजणी महाग असते, आणि महाग मोजणी आधी कुठे होते हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते. रॉबर्ट मॅनिंग नावाच्या आयरिश इंजिनियरने १८८९ साली एक सूत्र मांडले. नाल्यातून पाणी किती वेगाने जाईल हे नाल्याच्या खडबडीतपणावर अवलंबून असते, आणि त्या खडबडीतपणाला एक आकडा द्यायचा. गुळगुळीत काँक्रीटला साधारण ०.०१३. गाळ, दगड, प्लास्टिक साचले की आकडा दुप्पट होतो, आणि आकडा दुप्पट झाला की नाल्याची पाणी वाहून नेण्याची ताकद निम्मी होते. जगभरच्या पूर-मॉडेलांत हा आकडा आजही बसलेला आहे. टेबलाशी बसलेला माणूस तिथे ०.०१५ टाइप करतो आणि पुढे जातो.

तो आकडा ०.०१५ राहावा म्हणून मुंबईच्या गटारात कोण उतरते? महापालिकेच्या सफाई खात्यात आणि त्याहून जास्त कंत्राटदारांच्या हाताखाली कुठल्या जातीची माणसे आहेत, हे भोईवाड्यात, नायगावात, वडाळ्यात राहणाऱ्याला जनगणनेत शोधावे लागत नाही. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, आणि गटारात गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या त्यानंतरही थांबलेल्या नाहीत. म्हणजे ज्याला तंत्रज्ञ 'खडबडीतपणाचा गुणांक' म्हणतात, तो आपल्या माणसांच्या फुप्फुसांतून येणारा आकडा आहे. मॉडेलमध्ये तो एक चल आहे. त्याच्यामागे मजुरी नाही, हातमोजे नाहीत, मुदत संपलेले कंत्राट नाही. आमची मागणी इतकी व्यवहारी आहे की तिला भावनिक म्हणून उडवता येणार नाही : पावसाळ्यापूर्वी नालेसफाई झाली की नाही हे ज्या शहरात दरवर्षी वादाचे असते, तिथे सफाई झालीच आहे असे धरून चालणारे मॉडेल चुकीचे उत्तर देणार. सफाई कामगाराचा हिशेब धरणे ही विज्ञानाचीच गरज आहे.

आता शहराबाहेर जाऊ, कारण भोईवाड्याचे पाणी भोईवाड्यात जन्मत नाही. मुंबईला पिण्याचे पाणी देणारे सात तलाव आहेत, त्यांतले विहार आणि तुळशी सोडले तर सगळे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे आदिवासी पाडेही शहापूर तालुक्यात. आपण नळ सोडतो तेव्हा ती वाट आपल्याही घरापर्यंत येते, हे विसरून चालणार नाही. विजेचेही तेच. १९१५ साली लोणावळ्याच्या तलावांतले पाणी खोपोलीला खाली सोडून टाटांनी वीज केली आणि ती परळ-लालबागच्या गिरण्यांना दिली. त्या विजेवर माग चालले. आणि त्या मागांवर अस्पृश्य कामगाराला उभे राहू देत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला तो इथेच, याच गिरणगावात. नदी वळवण्याचे तंत्र सगळ्यात आधुनिक आणि तिचा लाभ वाटण्याची रीत मनुस्मृतीची, हा मेळ शंभर वर्षांपूर्वीही जमत होता.

कृष्णेकडे बघा. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी एका डॅनिश संस्थेच्या मदतीने मॉडेल उभे राहिले : पर्जन्यमापक आणि पाणीपातळी मोजणारी यंत्रे उपग्रहातून आकडे पाठवणार, आणि कुठल्या धरणातून किती सोडले तर खाली किती चढेल हे आधी कळणार. काम चांगलेच. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसे हलवणारी होडीच उलटली. वडनेरे समिती नेमली गेली. अलमट्टीमुळे हा पूर आला नाही, असे तिने सांगितले. तरीही वाद मिटला नाही, आणि अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याला महाराष्ट्राचा विरोध २०२५ मध्ये पुन्हा पत्रांतून गेला. दोन राज्यांच्या या भांडणात मॉडेल हे वकिलासारखे वापरले जाते. त्यात आम्हाला आज शिरायचे नाही.

आम्हाला शिरायचे आहे ते धरणाच्या दरवाजात. कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावते. जुलै-ऑगस्टमध्ये धरण रिकामे ठेवले तर पूर पोटात घेता येतो, पण पुढे पाऊस दडी मारला तर वीज आणि सिंचन जाते. भरून ठेवले तर वीज आणि ऊस सुरक्षित, पण मोठा पाऊस आला की सगळे पाणी एकदम खाली. कुठल्या तारखेला किती भरायचे याचा तक्ता प्रत्येक मोठ्या धरणाला असतो. मॉडेलला तो तक्ता सुधारायला सांगताना एक उद्दिष्ट द्यावे लागते, आणि नेहमीचे उद्दिष्ट म्हणजे 'नुकसान कमीत कमी'. नुकसान कशात मोजतात? रुपयांत. पाणी इतके फूट चढले तर या इमारतीचे इतके हजार, त्या दुकानाचे इतके लाख. आता समजा, पाणी दोन बाजूंना वाटता येते. एका बाजूला बाजारपेठ आहे, दुसऱ्या बाजूला गावकुसाबाहेरची, ओढ्याच्या उतारावर, पिढ्यान्पिढ्या तिथेच राहायला लावलेली पत्र्याची वस्ती आहे. रुपयांत मोजणारे मॉडेल कुठली बाजू वाचवेल? ते लिहिणाऱ्याच्या मनात जातीयता असण्याची गरजच नाही. ज्यांना गावाने स्वस्त जागी बसवले त्यांचे नुकसान स्वस्त, आणि म्हणून ते पुन्हा त्याच जागी बुडणार. पंचनाम्याच्या वेळी घर नावावर नाही म्हणून भरपाई नाकारतात, तेव्हा हाच हिशेब दुसऱ्यांदा होतो.

बाबासाहेबांनी या हिशेबाकडे कसे पाहिले असते याचा अंदाज बांधायची गरज नाही, कारण त्यांनी ते काम स्वतः केले आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना सिंचन आणि वीज त्यांच्याकडे होती. पोयबावडीच्या बीआयटी चाळीत, म्हणजे भोईवाड्यातून चालत जाण्याच्या अंतरावर, दोन दशके राहिलेला हा माणूस दिल्लीत बसून दामोदर, महानदी, शोण यांच्या योजना आखत होता. १९४३ च्या दामोदर पुरानंतर त्यांनी अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या योजनेचा अभ्यास करवला, तिथला अनुभव असलेल्या वूर्डुइन यांच्याकडून आराखडा तयार करून घेतला, आणि एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा केला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ ते. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत त्यांनी जुन्या पूर-समित्यांना सुनावले. जादा पाणी हे संकट आहे, ते लवकरात लवकर समुद्रात घालवा, या विचाराने त्या समित्या चालल्या होत्या. बाबासाहेबांचे म्हणणे होते की पाणी ही लोकांची संपत्ती आहे. माणसे पाण्याच्या अभावाने जास्त सोसतात. अडवा, साठवा, त्यातून वीज, सिंचन, जलवाहतूक सगळे घ्या, आणि त्याचा फायदा दरिद्री माणसापर्यंत न्या. हिंदमाताचे पाणी पंपाने समुद्रात फेकण्यात आपण धन्यता मानतो, तेव्हा कटकचे ते भाषण आठवायला हरकत नाही.

त्यांची दुसरी भूमिका अशी की नदीचे अख्खे खोरे एक मानावे, प्रांतांच्या सीमांनी त्याचे तुकडे करू नयेत. आजचे प्रत्येक मॉडेल याच तत्त्वावर चालते. पण दामोदरचे पुढे काय झाले तेही सांगू. वूर्डुइन यांच्या आराखड्यात आठ धरणे होती. १९५३ ते १९५९ मध्ये तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच झाली. त्यामुळे पूर पोटात घ्यायला जागा कमी पडली, आणि आजही पाणी सोडले की बंगाल आणि दामोदर खोरे महामंडळ एकमेकांकडे बोट दाखवतात. गणित बरोबर होते, ते अर्धेच अमलात आणले.

मराठवाड्यातल्या वाचकांना यापुढचा भाग जास्त जवळचा वाटेल. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात कलम १२ असे सांगते की टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या धरणांचे पाणी समन्यायी वाटले पाहिजे. त्यासाठी मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये गोदावरीच्या वरच्या धरणांचा एकत्र हिशेब मांडला : १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे. त्यावर दर टंचाईला मोर्चे निघतात, कोर्टकचेऱ्या होतात. नगरचा ऊस विरुद्ध मराठवाडा, अशी लढाई रंगते. या लढाईत आम्ही जायकवाडीच्या बाजूचे आहोत, पण एक प्रश्न विचारून. पाणी पैठणला पोचले, कालव्यात उतरले, पुढे कुणाच्या शेतात गेले? मॉडेलमध्ये 'मागणी' म्हणून जे टिंब असते ते हेक्टरचे असते : इतके हेक्टर, इतके पीक, इतके पाणी. ज्याच्याकडे हेक्टर नाही त्याचे टिंब नाही. गावातली आपली बहुतेक माणसे भूमिहीन किंवा तुकडाभर जमिनीची. म्हणजे दोन जिल्ह्यांमधला न्याय कायद्याने झाला तरी एकाच गावातल्या दोन वस्त्यांमधला होत नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे जे सत्याग्रह केले, ते पाण्याचेही होते असे आता म्हटले पाहिजे. जमिनीला चिकटलेले पाणी जमीनदाराकडेच जाणार.

हे बदलता येते का? येते, आणि महाराष्ट्रात झाले आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला (आपले दादरशेजारचे नव्हे) १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. नियम मोजके : पाणी माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस घ्यायचा नाही, भूमिहीनालाही वाटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाने आटपाडीत समन्यायी वाटपाची जी लढाई केली तीही याच वाटेची. आम्ही या चळवळींच्या प्रत्येक गोष्टीशी सहमत नाही, जातीचा प्रश्न त्यांनी कितपत धसाला लावला यावर वेगळे लिहिता येईल. पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने बघा : हेक्टरच्या जागी माणूस लिहिला की सगळे उत्तर बदलते. प्रोग्रॅम तोच राहतो, एक रकाना बदलतो. तो रकाना बदलायचा निर्णय राजकीय आहे, आणि आपण तिथे हजर नाही.

म्हणून काही कामे सुचवतो. धरण सुरक्षा कायदा २०२१ खाली प्रत्येक मोठ्या धरणाच्या मालकाने आपत्कालीन कृती आराखडा करायचा आहे. जुन्या धरणांना कायदा लागू झाल्यापासून, म्हणजे ३० डिसेंबर २०२१ पासून, पाच वर्षांची मुदत. धरणाला धोका झाला तर पाणी कुठवर जाईल याचे नकाशे त्यासाठी मॉडेलवरच काढतात. धरणाखालच्या गावात ज्यांचे घर आहे त्यांनी माहिती अधिकारात तो आराखडा मागावा आणि पहिल्यांदा एकच गोष्ट बघावी : गावठाणाबरोबर आपली वस्ती त्यात नावाने आहे का, आणि भोंगा कुठल्या खांबावर लावणार आहेत. दरवाजे उघडण्याचा तक्ताही मागावा. तो गुपित ठेवण्याचे कारण आम्हाला कळलेले नाही.

ज्यांना गणित जमते त्यांनी याहून पुढे जावे. अमेरिकी लष्कराच्या इंजिनियर विभागाने तयार केलेला 'हेक-रास' हा नदीचा प्रोग्रॅम फुकट उतरवून घेता येतो, नकाशांसाठी 'क्यूजीआयएस' फुकट आहे. सिव्हिल डिप्लोमा करून बेकार बसलेली आपली मुले प्रत्येक चाळीत आहेत. त्यांनी हे शिकावे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत आठवड्याचे दोन तास यासाठी काढता येतात. मॉडेल तपासायला लागते ती गोष्ट सरकारकडे कमी आणि आपल्याकडे भरपूर आहे : पाणी प्रत्यक्षात कुठवर आले होते. भोईवाड्यात, नायगावात, हिंदमाताच्या बोळांत या पावसाळ्यापूर्वी भिंतींवर अर्ध्या अर्ध्या फुटाला रंगाची खूण करायची, पाणी चढले की तारीख-वेळेसह फोटो काढायचा, भरतीची वेळ शेजारी लिहायची. त्या दिवशी कुठले गटार तुंबले होते आणि ते उघडायला कोण उतरले, तेही लिहायचे. पावसाळा संपला की ही वही घेऊन वॉर्ड ऑफिसात जायचे आणि त्यांच्या नकाशाशी ताडून मागायची. रंगाचे डबे आणि ब्रश मे महिन्यात लागतील. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपापल्या विहारात नाव नोंदवावे.

जय भीम!